आधी मोजा, मग सलाईन

आज २६ जून, राजर्षी शाहू महाराजांची जयंती. १८७४ साली महाराजांचा जन्म कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये झाला, त्यामुळे या दिवशी बावड्याकडे माणसांची रीघ लागते. राज्यभर हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. भाषणांत आरक्षणाचा हुकूम निघतो, सक्तीचे मोफत शिक्षण निघते, राधानगरीचे धरण निघते. प्लेगचा विषय मात्र फारसा निघत नाही. १८९४ मध्ये कारभार महाराजांच्या हाती आला आणि पुढच्या काही वर्षांतच साथीने करवीर संस्थान गाठले. गावे रिकामी करून माणसांना रानात झोपड्या घालून राहायला लावणे, येणाऱ्या-जाणाऱ्यांची तपासणी करणे, सुईला घाबरणाऱ्या लोकांना लस टोचून घ्यायला राजी करणे, अशी कामे त्या काळात करावी लागली. ती लसही आपल्याच राज्यातली. वाल्डेमार हाफकिन यांनी ती १८९७ मध्ये मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली. रोग दारात येण्याआधी आपण पोचायचे, अशी ती रीत होती.

त्याच रीतीची गरज आज एका वेगळ्या रुग्णाला आहे. त्याची साथ येत नाही, त्याच्या बातम्या होत नाहीत, आणि त्याच्या आजाराला घरात 'वात' एवढाच शब्द असतो. आमवात, ल्युपस, रक्तवाहिन्यांचा दाह म्हणजे व्हॅस्क्युलायटिस, स्नायूंचा दाह, कातडी आणि फुप्फुसे कडक करणारा स्क्लेरोडर्मा, असे हे आजार. या सगळ्यांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर, मूत्रपिंडांवर, फुप्फुसांवर उलटते. तिला आवरण्यासाठी औषधे द्यावी लागतात, आणि त्यातली काही औषधे आवरता आवरता प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडीजची पातळी इतकी खाली आणतात की साध्या खोकल्याचा न्यूमोनिया होतो. हा धोका आधी मोजता येतो, बराचसा टाळता येतो आणि आला तरी सांभाळता येतो. तरीही अनेक रुग्णांना त्याची पहिली माहिती अतिदक्षता विभागाच्या दारात मिळते.

हे रुग्ण मोजके असतील असे वाटत असेल तर भिगवणची पाहणी आठवावी. पुणे जिल्ह्यातल्या या गावात १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची नोंद केली. ग्रामीण भारतातली अशा प्रकारची ती महत्त्वाची पाहणी ठरली. तिच्यात आमवाताचे प्रमाण दर दोनशे प्रौढांमागे साधारण एक, असे निघाले. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. ढोबळ हिशोब केला तरी एकट्या आमवाताचे रुग्ण जिल्ह्यात दहा हजारांच्या वर जातात. बहुतेकांचे मिथोट्रेक्सेटसारख्या गोळ्यांवर भागते आणि त्या गोळ्यांनी प्रतिपिंड सहसा फारसे घसरत नाहीत. प्रश्न उरतो तो हट्टी आजाराच्या रुग्णांचा. त्यांना दीर्घकाळ स्टिरॉइड, सायक्लोफॉस्फामाइड, मायकोफेनोलेट आणि रिटुक्सिमॅब यांच्यापैकी काही ना काही घ्यावे लागते.

रिटुक्सिमॅबबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण प्रतिपिंडांच्या बाबतीत सर्वांत जास्त लक्ष याच औषधावर ठेवावे लागते. १९९७ मध्ये ते रक्तपेशींच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झाले, आमवातासाठी २००६ मध्ये. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची भारतीय आवृत्ती आणली आणि ते आपल्याकडच्या रुग्णांच्या थोडे आवाक्यात आले. रुग्ण त्याला 'मोठं सलाईन' किंवा 'सहामाही सलाईन' म्हणतात. आमवातात साधारणपणे एक हजार मिलिग्रॅमचे दोन डोस पंधरा दिवसांच्या अंतराने देतात आणि गरजेप्रमाणे सहा महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा पुन्हा. हे औषध वाईट आहे असा निष्कर्ष कुणीही काढू नये. त्याने कित्येकांची मूत्रपिंडे वाचली आहेत, अंथरुणाला खिळलेल्या बायका पुन्हा चुलीपुढे आणि शेतात उभ्या राहिल्या आहेत. मुद्दा ते देताना ठेवायच्या हिशोबाचा आहे.

रिटुक्सिमॅब रक्तातल्या बी-पेशी नष्ट करते. पण प्रत्यक्ष प्रतिपिंड तयार करतात त्या प्लाझ्मा पेशी, आणि त्यांच्यावर या औषधाला पकडायला खूण नसते. म्हणून पहिल्या सलाईननंतर प्रतिपिंडांचा आकडा फारसा हलत नाही आणि सगळे निर्धास्त होतात. बावड्याच्या ऊस उत्पादकाला हे लगेच कळेल: नवी लागण थांबली तरी खोडव्यावर पीक निघत राहते, पहिल्या वर्षी फरक जाणवत नाही, पण खोडव्यावर खोडवा घेत गेले की टनेज पडते. बी-पेशी म्हणजे ती लागण. तीच पुनःपुन्हा थांबवली की जुन्या प्लाझ्मा पेशी संपत जातात, त्यांची जागा घ्यायला नव्या येत नाहीत, आणि तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाच्या सुमारास आयजीजी नावाचा मुख्य प्रतिपिंड हळूहळू खाली सरकलेला दिसतो. बी-पेशी साधारण सहा ते बारा महिन्यांत परततात, पण आयजीजी त्यांच्याबरोबर वर येईलच असे नाही. काहींचा वर्षानुवर्षे खालीच राहतो.

कुणाचा जास्त पडेल याचा अंदाजही बांधता येतो. ज्याचा आकडा औषध सुरू होण्याआधीच कमी होता, ज्याला आधी सायक्लोफॉस्फामाइड दिले आहे, जो बराच काळ स्टिरॉइडवर आहे, आणि लहान मुले. ल्युपसमध्ये मूत्रपिंडाला सूज असेल तर लघवीवाटे प्रथिने जातात आणि त्यांच्याबरोबर आयजीजीही वाहून जाते. तेव्हा आकडा कमी दिसला की दोष सरसकट सलाईनला देऊन चालत नाही, लघवीतली प्रथिनेही तपासावी लागतात. आणि एखाद्याची प्रतिपिंडांची कमतरता जन्मापासूनची असू शकते, जी आजवर कुणी पाहिलेलीच नसते. औषधाच्या आधीचा आकडा हातात नसेल तर हे कोडे नंतर सुटत नाही.

म्हणून पहिले आणि स्वस्तातले काम हेच: पहिले सलाईन लागण्यापूर्वी आयजीजी, आयजीए आणि आयजीएम मोजणे. प्रौढांत आयजीजी साधारण ७०० ते १६०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते, प्रयोगशाळेप्रमाणे थोडा फरक पडतो. त्याच वेळी कावीळ-बी आणि क्षयरोगाची तपासणी. कावीळ-बीचा विषाणू शरीरात दबून बसलेला असेल तर रिटुक्सिमॅबनंतर तो उसळून यकृत निकामी करू शकतो. नंतर प्रत्येक आवर्तनाआधी आयजीजी पुन्हा मोजायचे. या तपासणीचा खर्च सलाईनच्या खर्चापुढे किरकोळ आहे, न्यूमोनियाने भरती व्हावे लागले तर त्या बिलापुढे तर नगण्य.

आयजीजीची तपासणी झालेली नसली तरी एक इशारा बहुतेक रुग्णांच्या घरी पडून असतो. कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेल्या फायलीत यकृताच्या तपासणीचे, म्हणजे एलएफटीचे रिपोर्ट असतात, कारण या औषधांवर असलेल्यांची ती तपासणी वरचेवर होते. त्यात एकूण प्रथिने, अल्ब्युमिन आणि त्यांच्याखाली ग्लोब्युलिन अशा तीन ओळी असतात. सगळ्यांची नजर एसजीपीटीवर जाते, ग्लोब्युलिनची ओळ कुणी वाचत नाही. एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा केले की उरते ते ग्लोब्युलिन, आणि प्रतिपिंड हा त्यातला मोठा हिस्सा. हा आकडा दोन ग्रॅमच्या खाली दिसत असेल, किंवा दर रिपोर्टगणिक उतरत असेल, तर डॉक्टरांना दाखवून आयजीजी करून घ्यायला हवे. वेगळी सुई टोचावी लागत नाही, वेगळा पैसा लागत नाही, फक्त कुणीतरी ती ओळ वाचायला हवी. निवासी डॉक्टर, परिचारिका, औषध दुकानदार, घरातले कॉलेजात जाणारे पोर, कुणीही ती वाचू शकते.

आता पावसाळा. कोल्हापुरात जून संपताना पंचगंगेकडे डोळे लागतात. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिंगणापूर, बालिंगा येथील उपसा केंद्रे पाण्याखाली गेली, चहूबाजूंनी पाणी असताना शहराचे नळ कोरडे पडले आणि टँकरपुढे रांगा लागल्या. याच नदीच्या पाण्याने २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आणली आणि माणसे दगावली. पुराचे पाणी ओसरले की लेप्टोस्पायरोसिस, डेंगी, टायफॉइड, गॅस्ट्रो यांची रांग लागते. धडधाकट माणसालाही हे दिवस जड जातात. प्रतिपिंड कमी असलेल्याला ते दुहेरी जड जातात, आणि त्यातला दुसरा भाग डॉक्टरांनाही चकवतो.

तो असा. पावसाळी तापाच्या बऱ्याचशा तपासण्या रोगजंतू शोधत नाहीत, रोगजंतूविरुद्ध शरीराने तयार केलेले प्रतिपिंड शोधतात. विडाल ही तशीच, लेप्टोची आयजीएम तशीच, डेंगीची आयजीएमही तशीच. ज्याच्या शरीरात प्रतिपिंड तयारच होत नाहीत, त्याची तपासणी आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते. रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणून 'व्हायरल आहे, जाईल' असा सल्ला, आणि रुग्ण चार दिवस घरी. अशा रुग्णाला थेट जंतू शोधणाऱ्या तपासण्या हव्यात: डेंगीत सुरुवातीच्या दिवसांत एनएस-१, इतर वेळी पीसीआर, आणि प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर. उलटा घोटाळाही होतो. इम्युनोग्लोब्युलिनचे सलाईन लागलेल्या रुग्णाच्या रक्तात दात्यांचे प्रतिपिंड असतात, त्यामुळे कधीही न झालेल्या आजाराची तपासणी पॉझिटिव्ह दाखवू शकते. गल्लीतल्या डॉक्टरांना हे पटकन लक्षात येण्यासाठी रुग्णाने एवढेच सांगायला हवे, 'डॉक्टर, मला रिटुक्सिमॅब लागतं, माझ्या अँटिबॉडीज कमी आहेत, प्रतिपिंडांच्या तपासणीवर विसंबू नका.' हे एक वाक्य फायलीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. आपत्तीत माणूस बोलण्याच्या अवस्थेत असतोच असे नाही.

तापाचीही तीच कथा. स्टिरॉइडवर असलेल्याला मोठ्या संसर्गातही ताप बेताचाच येऊ शकतो. 'अंग जरा कणकण करतंय' म्हणून काढा घेऊन झोपणारी बाई सकाळी धापा टाकताना आढळते. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर ताप, पिवळा-हिरवा कफ, दम, गोंधळलेले बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. प्रतिपिंडांच्या कमतरतेत मुख्यतः सायनस, कान आणि छाती पुनःपुन्हा धरतात. वर्षात दोन-तीनदा प्रतिजैविके घ्यावी लागली असतील तर ते 'हवामानाचं' आहे असे समजू नये.

आता लस. हाफकिनच्या लसीच्या वेळी लोकांना राजी करावे लागले होते. आज राजी असलेल्यांनाही वेळेवर सांगणारे कुणी नसते. लस म्हणजे बी-पेशींना दिलेला निरोप, आणि रिटुक्सिमॅबनंतर निरोप घ्यायला त्या पेशीच जागेवर नसतात. कोविडच्या काळात हे कटू पद्धतीने कळले: हे औषध घेतलेल्या अनेकांनी लसीचे दोन्ही डोस घेतले तरी प्रतिपिंड तयार झाले नाहीत, आणि आजार झाला तेव्हा तो त्यांना इतर संधिवात रुग्णांपेक्षा जड गेला. म्हणून न्यूमोकोकस, कावीळ-बी आणि इन्फ्लुएन्झा या लसी शक्य तेवढ्या पहिल्या सलाईनच्या दोन ते चार आठवडे आधी घ्याव्यात. मूत्रपिंड किंवा फुप्फुस धोक्यात असेल तर लसीसाठी औषध रखडवता येत नाही, हेही खरे. मग पुढचे आवर्तन ज्या सुमारास द्यायचे त्याच्या आधी लस आणि साधारण दोन आठवड्यांनी सलाईन, असा क्रम लावता येतो. फ्लूच्या लसीसाठी मात्र थांबू नये, ती दरवर्षी आणि आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर घ्यावी, कारण महाराष्ट्रात फ्लू पावसातच वाढतो. नागिणीची नवी, जिवंत विषाणू नसलेली लस २०२३ पासून भारतात मिळते. महाग आहे, पण नागिणीच्या वेदना ज्यांनी भोगल्या त्यांना तिची किंमत कळते. गोवर-गालगुंड-रुबेला, पीतज्वर यांसारख्या जिवंत जंतूंच्या लसी या रुग्णांनी घ्यायच्या नाहीत. घरात तान्हे बाळ असेल आणि त्याला तोंडावाटे पोलिओचे थेंब पाजायचे असतील तर तेही रुग्णाच्या डॉक्टरांच्या कानावर घालावे. घरातल्या बाकीच्यांनी फ्लूची लस घेतली तर रुग्णाभोवती कुंपण पडते, याचा विचार आपल्याकडे होतच नाही.

आकडा कमी आला, मग काय? इथे दोन टोकाच्या चुका होतात आणि दोन्ही महागात पडतात. एक, घाबरून औषध बंद. आमवात पुन्हा उसळतो, व्हॅस्क्युलायटिसमध्ये तर जीवावर बेतते, आणि स्टिरॉइड एकदम थांबवले तर रक्तदाब कोसळून माणूस कोमात जाऊ शकतो. दुसरी, आकडा पाहताच इम्युनोग्लोब्युलिनची बाटली लावणे. आयजीजी ५५० आहे, पण दोन वर्षांत एकही मोठा संसर्ग नाही, अशा माणसाला बाटलीची गरज नसते. त्याला लक्ष, लसी आणि ठरावीक तपासणी लागते. पुढच्या सलाईनचा डोस कमी करता येईल का, अंतर वाढवता येईल का, दुसरे औषध चालेल का, स्टिरॉइड उतरवता येईल का, हे प्रश्न संधिवाततज्ज्ञाने रुग्णासमोर बसून सोडवायचे. संसर्ग वारंवार होत असतील तर काही महिने ठरावीक दिवशी प्रतिबंधक प्रतिजैविक देऊन पाहतात. जास्त जोखमीच्या रुग्णांना एका विशिष्ट न्यूमोनियापासून वाचवण्यासाठी को-ट्रायमोक्साझोल देतात. आकडा खूप खाली, गंभीर संसर्ग पुनःपुन्हा, आणि लस देऊनही प्रतिसाद नाही, हे जुळून आले की मग इम्युनोग्लोब्युलिन.

त्या बाटलीचा इतिहास छोटाच आहे. १९५२ मध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टर ऑग्डेन ब्रुटन यांनी पुनःपुन्हा रक्तात जंतुसंसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिनचा पट्टाच नसल्याचे पाहिले आणि त्याला दात्यांच्या रक्तातून वेगळे केलेले ग्लोब्युलिन टोचायला सुरुवात केली. मुलाचे आजारपण थांबले. आजचे सलाईन त्याच विचारावर उभे आहे. साधारण प्रतिकिलो ४०० मिलिग्रॅम, दर तीन-चार आठवड्यांनी. ६० किलोच्या माणसाला एका वेळी २४ ग्रॅम. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, पहिला तास अगदी सावकाश थेंब, डोके दुखले तर गती कमी, भरपूर पाणी, आणि मूत्रपिंड किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास आधी झालेला असेल तर जास्त सावधगिरी. अख्खा दिवस जातो. आणि भरपाई होते ती फक्त आयजीजीची. नाक-घशाच्या आतल्या आवरणावर पहारा देणारे आयजीए बाटलीत जवळपास नसते, म्हणून सलाईन चालू असतानाही कुणी सर्दी-खोकल्याची तक्रार केली तर ती खोटी समजू नये.

हे औषध कारखान्यात रसायनातून होत नाही. ते माणसांच्या प्लाझ्मातून येते, आणि एका घाण्यात हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र केलेला असतो. एक लिटर प्लाझ्मातून जेमतेम चार ग्रॅम आयजीजी निघते. रक्तदानाच्या एका पिशवीतून साधारण २०० मिलिलिटर प्लाझ्मा. म्हणजे वर सांगितलेल्या एका माणसाच्या एका महिन्याच्या डोसमागे ढोबळमानाने तीस जणांचे दान असते. कोल्हापुरात नेत्यांच्या वाढदिवसाला, तालमींच्या वर्धापनदिनाला, गणेशोत्सवात शिबिरे होतात आणि शेकडो पिशव्या जमतात, ही या जिल्ह्याची खरी श्रीमंती. त्या पिशव्यांतला उरलेला प्लाझ्मा वाया न जाता औषधनिर्मितीकडे जातो आणि त्यातून कुणाचा तरी न्यूमोनिया टळतो, हे शिबिराच्या व्यासपीठावरून सांगितले तर तरुण दाते अभिमानाने पुन्हा येतील. पण याच हिशोबाची दुसरी बाजूही आहे. तीस दात्यांचे दान गरज नसलेल्या माणसाला चढवणे हा अपव्यय आहे, आणि बाटलीला हजारो रुपये पडत असताना तो अपव्यय शेवटी कुणाच्या तरी गुंठ्यांतून वसूल होतो.

पैशाची ही बाजू सामाजिक न्याय दिनी टाळता येणार नाही. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ मध्ये जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारांना जागा मिळाली, मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था अशा रुग्णांचे निदानही करते. पण उपचारातून आलेली कमतरता त्या धोरणात बसत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा रोख भरती होऊन करायच्या उपचारांवर आहे. बाह्यरुग्ण विभागातली आयजीजी तपासणी, फ्लूची लस, न्यूमोकोकसची लस हे सगळे रुग्णाच्या खिशातून. बाळांना न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभर मोफत मिळते, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती देशातच बनवून स्वस्त केली, ही अभिमानाची गोष्ट. त्याच घरातल्या, रिटुक्सिमॅबवर असलेल्या आजीला मात्र ती मोफत नाही, कारण आपला लसीकरण कार्यक्रम मुख्यतः बालके आणि गरोदर मातांसाठी आखलेला आहे. अशा रुग्णांच्या प्रतिबंधाला सरकार पैसे देत नाही आणि व्हेंटिलेटरला देते, हा व्यवहार तोट्याचा आहे आणि माणुसकीलाही सोडून आहे.

इथल्या सवयींबद्दलही सांगायला हवे. कोल्हापूरला धारोष्ण दुधाचा अभिमान आहे. संध्याकाळी कट्ट्यावर म्हैस समोर पिळून फेसाळ पेला हातात देणे ही पैलवानांची परंपरा, आणि ती पैलवानांनाच शोभते. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, लिस्टेरिया आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात. या औषधांवर असलेल्यांनी दूध उकळूनच घ्यावे. कोविडनंतर घराघरांत शिरलेला गुळवेलीचा काढा हा दुसरा विषय. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने तिला आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञांनी लढवावा. पण ज्या माणसाची प्रतिकारशक्ती त्याच्याच अवयवांवर उलटली आहे, त्याने ती 'वाढवणारे' काहीही डॉक्टरांना न विचारता घेणे धोक्याचे आहे, आणि अशा चूर्णांनी आयजीजी वाढते याला आधार नाही.

करायचे काय, तर फार मोठे नाही. जिल्ह्यात जिथे जिथे रिटुक्सिमॅबचे सलाईन लागते, सरकारी असो वा खासगी, तिथे पहिल्या बाटलीआधी आयजीजीचा आकडा कागदावर असलाच पाहिजे, असा दंडक डॉक्टरांच्या संघटनांनी स्वतःहून घालून घ्यावा. बावड्यात वैद्यकीय महाविद्यालय आहे, शहरात सीपीआर रुग्णालय आणि त्याच्याशी जोडलेले राजर्षी शाहूंच्याच नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यातल्या अशा रुग्णांची सामाईक नोंदवही या संस्थांना ठेवता येईल. पुराच्या आधी त्या वहीतल्या प्रत्येकाला एक फोन जावा: औषधांचा महिन्याचा साठा घ्या, पाणी उकळून प्या, पुराच्या पाण्यात उतरू नका, उतरावेच लागले तर लगेच डॉक्टरांना विचारा, गाव सोडावे लागले तर फाईल बरोबर घ्या. निवारा छावणीत जाताना कागदपत्रांत आधार कार्ड आणि रेशनकार्ड आठवणीने असते, आजाराची फाईल मागे राहते.

आणि लसी. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या प्रौढांना फ्लू आणि न्यूमोकोकसची लस मोफत द्यावी, अशी मागणी या जयंतीच्या निमित्ताने जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी राज्य सरकारकडे लावून धरावी. दिल्लीचा निर्णय येईपर्यंत थांबायचे कारण नाही. महापालिका, जिल्हा नियोजनाचा निधी आणि इथल्या सहकारी संस्थांचा धर्मादाय पैसा एवढे एका जिल्ह्यापुरते पेलू शकतात. सुरुवात लाईन बाजारच्या सेवा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस ठरवून करावी, आणि ती याच पावसाळ्यात करावी.